तरंगलांबीचा पट्टा निवडताना

24 ऑगस्ट 2022 रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर एक चाक जरा जड फिरले. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवरच्या ‘मिरी’ या उपकरणातले हे चाक. दुर्बिणीचे वैज्ञानिक काम सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. चाक अडकले नव्हते. ते फिरवताना घर्षण अपेक्षेपेक्षा जास्त होते आहे, एवढेच आलेल्या आकड्यांवरून दिसत होते. पण तिथे मेकॅनिक पाठवता येत नाही आणि वंगणाचा थेंबही सोडता येत नाही. म्हणून अभियंत्यांनी त्या चाकावर अवलंबून असलेली निरीक्षणे थांबवली. मिरीची इतर कामे चालू राहिली, फक्त मध्यम विभेदनाचा वर्णपटमापक बंद ठेवला गेला.

या खोळंब्याच्या काळात शनीची घडी जवळ येत होती. शनीवर ऋतू फार सावकाश बदलतात आणि त्याचा उत्तर ध्रुव आपल्या बाजूने हळूहळू पलीकडे कलत चालला होता. नोव्हेंबरमधली संधी हुकली असती, तर वेबला शनीचे हे ध्रुवीय प्रदेश पाहायला पुढची वीस वर्षे थांबावे लागणार होते. चाकाचा अभ्यास झाला, ते कसे आणि किती फिरवायचे याचे नियम ठरले, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वर्णपटमापक पुन्हा कामाला लागला. सुरुवातीच्या निरीक्षणांत शनीला जागा मिळाली.

आता साहजिकच प्रश्न येतो, की दुर्बिणीत फिरणारे चाक हवेच कशाला?

आपले डोळे साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश पाहतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मिरीतला हा वर्णपटमापक पाहतो 4.9 पासून 27.9 मायक्रॉनपर्यंत. ही पट्टी इतकी रुंद आहे, की हव्या त्या बारकाईने ती एकाच वेळी टिपायची तर तेवढे मोठे शोधक, म्हणजे प्रकाश पकडणाऱ्या चकत्या, लागले असते. मिरीच्या या भागाकडे अशा दोनच चकत्या आहेत. म्हणून पट्टीचे आधी चार भाग केले आणि प्रत्येक भागाचे पुन्हा तीन तुकडे. चाकाला तीन स्थाने आहेत. एका स्थानी ठेवले की चारही भागांतला एकेक तुकडा मिळतो, म्हणजे एकूण पट्टीचा साधारण तिसरा हिस्सा. गंमत अशी, की हे चार तुकडे एकमेकांना लागून नसतात. तिसऱ्या स्थानावर मिळतात 6.5 ते 7.7, 10 ते 11.7, 15.4 ते 18 आणि 24.4 ते 27.9 मायक्रॉन. मधल्या जागा रिकाम्या. सलग वर्णपट हवा असेल तर चाक आणखी दोनदा फिरवावे लागते आणि तेवढाच वेळ आणखी दोनदा द्यावा लागतो.

म्हणजे खगोलशास्त्रज्ञाला निरीक्षणाआधीच सांगावे लागते, की त्याला नेमके कुठे काय सापडण्याची अपेक्षा आहे. साध्या कॅमेऱ्याने आधी फोटो काढून मग त्यात काय आहे ते बघता येते. इथे उत्तराचा पत्ता प्रश्नातच लिहावा लागतो.

हा पत्ता काढायची रीत तशी सोपी आहे. प्रत्येक रेणूची शोषण्याची ठरलेली ठिकाणे असतात. कार्बन डायऑक्साइड 4.3 आणि 15 मायक्रॉनजवळ, मिथेन 3.3 आणि 7.7 जवळ, वाळूच्या जातीची खनिजधूळ 10 च्या आसपास. वस्तू जवळची असेल तर हीच ठिकाणे कामाला येतात. ती फार दूर असेल तर विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी ताणली जाते, तिला ताम्रसृती म्हणतात, आणि मग गुणाकार करावा लागतो. बारा अब्ज वर्षांपूर्वीचा प्रकाश पाठवणारी एसपीटी 0418-47 ही दीर्घिका घ्या. धूर आणि काजळीत सापडतात तसल्या कार्बनी रेणूंची 3.3 मायक्रॉनची खूण तिच्यात शोधायची होती. तिच्या प्रकाशाची तरंगलांबी 5.2 पट ताणलेली. गुणाकार केला की उत्तर येते 17.2. वरच्या यादीत पाहिले तर ते तिसऱ्या स्थानावरच्या 15.4 ते 18 या तुकड्यात बसते. खूण तिथेच सापडली आणि 2023 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. त्या वेळेपर्यंत इतक्या दूर असे गुंतागुंतीचे सेंद्रिय रेणू कुणाला दिसले नव्हते.

कधी या गुणाकारामुळे उपकरणच बदलावे लागते. हायड्रोजनची 0.656 मायक्रॉनची तांबडी रेषा नवे तारे किती जन्मताहेत हे सांगते, म्हणून ती सगळ्यांना हवी असते. वेबवरचा दुसरा वर्णपटमापक ‘निअरस्पेक’ 5.3 मायक्रॉनपर्यंतच पाहतो. तरंगलांबी आठपटीहून अधिक ताणली गेली, की ही रेषा त्याच्या हद्दीबाहेर जाते. जीएचझेड 2 या दीर्घिकेच्या बाबतीत ताण 13.3 पट आहे, त्यामुळे रेषा पोहोचली 8.7 मायक्रॉनवर आणि ती पकडायला मिरीच लागले.

निअरस्पेक आणि मिरी यांत निवड करणे म्हणजे नुसते आकडे बदलणे नव्हे. लांब तरंगलांबीकडे गेले की उष्णता हाच शत्रू होतो. कोणतीही कोमट वस्तू अवरक्त प्रकाश फेकते, आणि यात दुर्बीण स्वतःही आली. म्हणून मिरीला शीतकाने शून्याखाली 266 अंश सेल्सिअसपर्यंत गार ठेवलेले असते. तरीही वीस मायक्रॉनच्या पुढे दुर्बिणीच्या आरशाची आणि सूर्यछत्राची स्वतःची झळ तारकांच्या प्रकाशात मिसळते. ती वजा करण्यासाठी शेजारच्या रिकाम्या आकाशाकडेही तितकाच वेळ बघावे लागते, आणि तो वेळही मागणाऱ्याच्याच खात्यावर मांडला जातो. एखादा पसरलेला तेजोमेघ पाहणाऱ्यांना हे फार जाचते.

उलट टोकाची अडचण चमकदार ताऱ्यांची. शोधकाच्या प्रत्येक बिंदूत प्रकाशामुळे विद्युतभार साठत जातो. भांडे भरले की पुढचे पाणी वाहून जाते, तसे ठरावीक मर्यादेनंतरचे मोजमाप निरर्थक होते. 2022 च्या जुलैमध्ये वेबने डब्ल्यूएएसपी-39बी हा सुमारे सातशे प्रकाशवर्षांवरचा ग्रह पाहिला. तो शनीइतक्या वस्तुमानाचा आणि नऊशे अंशांच्या आसपास तापलेला आहे. निअरस्पेकचा लोलक एका झटक्यात जवळजवळ अर्ध्यापासून साडेपाच मायक्रॉनपर्यंत सगळे दाखवतो, पण या ताऱ्याच्या उजेडाने दोन मायक्रॉनच्या अलीकडचा बराचसा भाग भरून वाहणार हे आधीच माहीत होते. निरीक्षकांनी ते स्वीकारले. गमावलेला भाग त्यांनी दुसऱ्या उपकरणाने भरून काढला. मला हा हिशेब शहाणपणाचा वाटतो, कारण त्यांना जे हवे होते ते लांब तरंगलांबीच्या बाजूला होते. 4.3 मायक्रॉनवर कार्बन डायऑक्साइडची ठसठशीत खूण मिळाली. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहावर या वायूचा इतका निःसंदिग्ध पुरावा तोपर्यंत नव्हता. तिच्या शेजारी 4.05 वर एक लहानसा उंचवटा आला, तो मात्र कुणी मागितला नव्हता. तो सल्फर डायऑक्साइडचा निघाला. ताऱ्याच्या प्रकाशामुळे त्या वातावरणात रासायनिक क्रिया चालू असल्याची ती खूण. अरुंद पट्टा निवडला असता तर हा पाहुणा बाहेरच राहिला असता.

रुंद पट्टा घ्यायचा की अरुंद, हा वाद वेबच्या आधीपासूनचा आहे. युरोपीय अवकाश संस्थेची हर्शेल दुर्बीण 2009 ते 2013 या काळात काम करत होती. तिच्यावरचा ‘पॅक्स’ वर्णपटमापक साधारण 55 ते 210 मायक्रॉन पाहायचा. तिथे प्रस्ताव लिहिणाऱ्याला दोन मार्ग होते. एकच रेषा हवी असेल तर तिच्याभोवतीचा चिंचोळा भाग सांगायचा, किंवा सुरुवातीची आणि शेवटची तरंगलांबी देऊन मधला सगळा पट्टा मागायचा. दुसऱ्या मार्गात प्रकाश फाकवणारी रेघांची जाळी पायरीपायरीने फिरत जायची. पट्टा जितका रुंद तितक्या पायऱ्या, आणि तितका वेळ. यात एक फायदा फुकटचा होता. जाळी एका कोनात असताना एक शोधक तांबडा भाग टिपत असे आणि दुसरा त्याच वेळी निळा. तुम्ही तांबड्या भागात एक रेषा मागितली, की निळ्यातला एक पट्टा आपोआप पदरात पडायचा. अनुभवी मंडळी कोन अशा बेताने निवडत, की फुकटच्या पट्ट्यातही काहीतरी कामाचे यावे. आणि हे सगळे चालायचे हेलियम संपायच्या आत. हर्शेलमध्ये दोन हजार लिटरहून अधिक द्रवरूप हेलियम भरलेले होते आणि ते हळूहळू उडून जात होते. 29 एप्रिल 2013 ला ते संपले आणि उपकरणे आंधळी झाली.

पट्टा चुकला किंवा अपुरा पडला तर काय होते, याचे धडे के2-18बी या ग्रहाच्या गोष्टीत आहेत. सिंह राशीतला, 124 प्रकाशवर्षांवरचा हा ग्रह पृथ्वीच्या साडेआठ पटींहून थोडा अधिक जड आहे. एका लाल खुज्या ताऱ्याभोवती तो 33 दिवसांत फेरी मारतो, आणि ताऱ्यापासूनचे त्याचे अंतर असे, की तिथे पाणी द्रवरूपात राहू शकेल अशी शक्यता मांडता येते. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा, म्हणजे अधिक्रमणाच्या वेळी, ताऱ्याचा थोडा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो. 2019 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हबल दुर्बिणीची निरीक्षणे वापरून तिथे पाण्याची वाफ असल्याचे जाहीर केले. जगभर मथळे झाले.

हबलच्या त्या उपकरणाचा पट्टा होता 1.1 ते 1.7 मायक्रॉन. त्यात एक मोठी खूण होती, 1.4 जवळ. पाणी तिथे शोषते हे खरे. पण मिथेनही जवळपास तिथेच शोषतो. एकच खूण आणि दोन दावेदार, आणि त्यांना वेगळे करणाऱ्या बाकीच्या खुणा पट्ट्याच्या बाहेर. 2023 मध्ये वेबने हाच ग्रह पाहिला. दोन अधिक्रमणे, दोन उपकरणे, आणि पट्टा 0.9 पासून 5.2 मायक्रॉनपर्यंत. आता मिथेनच्या एकापाठोपाठ एक खुणा दिसू लागल्या, कार्बन डायऑक्साइडही दिसला, आणि पाण्याची वाफ मात्र ठामपणे सापडली नाही. 2019 ची निरीक्षणे चुकीची नव्हती. खिडकी अरुंद होती.

गोष्ट इथे संपत नाही. केंब्रिज विद्यापीठाचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाला त्याच निरीक्षणांत डायमिथाइल सल्फाइडची पुसटशी चाहूल लागली होती. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो, त्यामुळे नुसत्या शक्यतेनेही कान टवकारले गेले. पण पाच मायक्रॉनच्या अलीकडे या वायूची खूण मिथेनच्या खुणांत मिसळून जाते. तिथे कितीही वेळ ओतला तरी शंका उरलीच असती. म्हणून त्यांनी वेगळा पट्टा मागितला. मिरीचा कमी विभेदनाचा वर्णपटमापक, 6 ते 12 मायक्रॉन, एक अधिक्रमण. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचा भाईबंद डायमिथाइल डायसल्फाइड, किंवा दोन्ही, तिथे असावेत. हा योगायोग असण्याची शक्यता त्यांच्या गणिताने 0.3 टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत तीन सिग्मा. शोध म्हणून मान्यता मिळायला पाच सिग्मा लागतात.

नंतर इतर गटांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि अनेकांना तिच्यात खात्रीलायक असे काही दिसले नाही. तुम्ही तपासायला कोणते रेणू यादीत घेता, यावर उत्तर बदलते, असा एक मुख्य आक्षेप आहे. शिवाय 67पी या धूमकेतूवरही डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा मिळाल्या आहेत आणि धूमकेतूवर समुद्र नाही. बातम्यांचे मथळे वाचून ‘परग्रहावर जीव सापडला’ असे समजण्याचे काही कारण नाही. तरी दुसरा पट्टा मागण्याचा तो निर्णय बरोबरच होता असे मला वाटते. आधीच्या खिडकीतून प्रश्नच नीट विचारता येत नव्हता. आता वाद घालण्याजोगे आकडे तरी समोर आहेत.

मग आणखी निरीक्षणे का करत नाहीत, असे वाचक विचारतील. कारण वेळ. ऑक्टोबर 2024 मध्ये वेबच्या चौथ्या फेरीसाठी जवळपास 2,400 प्रस्ताव आले. त्यांनी मिळून मागितले सुमारे 78,000 तास. वर्षात तास असतात 8,760, आणि त्यातलेही सगळे वाटायला नसतात. प्रस्ताव वाचणाऱ्या समितीला प्रस्ताव कुणाचा आहे हे सांगितले जात नाही. नाव बघून माप देण्याची सोय नाही, कागदावरचा युक्तिवाद पाहायचा. त्यात सांगावे लागते, की हाच पट्टा का, इतकीच बारकाई का, शोधक भरून वाहणार नाही ना, आणि एवढ्या तासांत खूण पार्श्वभूमीच्या गोंगाटावर किती वर उठेल. ही आकडेमोड करायला बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटने संगणक प्रणाली सर्वांना खुली ठेवली आहे. घरबसल्या कुणीही ती चालवून पाहू शकतो. तास मोजताना दुर्बीण एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळायला लागणारा वेळही धरतात, सरसकट अर्धा तास. दहा मिनिटांच्या निरीक्षणासाठी अर्धा तास वळण, असेही होते. पुण्याहून मुंबईला पाच मिनिटांच्या सहीसाठी जावे लागते, तसे.

आपल्याकडे या जातीच्या निर्णयाचे एक जुने आणि फारसे न बोलले गेलेले उदाहरण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची 100 सेंटीमीटर आरशाची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून प्रचंड फुग्याला टांगून वातावरणाच्या बऱ्याचशा भागाच्या वर नेली जाते. तिच्यावर जपानी सहकाऱ्यांचा एक वर्णपटमापक बसवला गेला आणि तो एकाच रेषेभोवती फिरतो. 158 मायक्रॉन, आयनीभूत कार्बनची रेषा. जिथे नवे तारे जन्मतात त्या मेघांचे थंड होणे बऱ्याच अंशी या रेषेतून चालते. फुगा हवेत राहणार मोजके तास, तेव्हा रुंद पट्ट्याची चैन परवडणारी नव्हती. एक रेषा नीट निवडायची आणि तिच्यात मोठमोठ्या मेघांचे नकाशे काढायचे, हा त्यांचा मार्ग.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी 2025 मध्ये जाहीर केलेली ‘अलकनंदा’ दीर्घिका वेगळ्या वाटेने आली. वेबची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. तशाच खुल्या झालेल्या प्रतिमांमध्ये त्यांना ही सुबक सर्पिल दीर्घिका दिसली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाची ती. तिचे अंतर ठरले ते 21 पर्यंत वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमांवरून. गाळणी म्हणजे वर्णपटाचा ढोबळ नमुना. त्यातून दीर्घिका किती दूर, तिच्यात तारे किती, हे बऱ्यापैकी कळते. तिच्यातला वायू तबकडीसारखा शिस्तीत फिरतो का, हे कळायला मात्र वर्णपटच हवा. तिची ताम्रसृती साधारण 4, म्हणजे तरंगलांबी पाचपट. हायड्रोजनची 0.656 ची रेषा 3.3 मायक्रॉनजवळ यायला हवी. ते निअरस्पेकच्या हद्दीत बसते.

के2-18बीचे म्हणाल, तर केंब्रिजच्या गटाच्या अंदाजाने पाच सिग्मा गाठायला वेबचे आणखी 16 ते 24 तास लागतील. 78,000 तासांच्या मागणीपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण हे तास सलग घेता येत नाहीत. अधिक्रमण 33 दिवसांतून एकदाच होते. शिवाय हा ग्रह सूर्याच्या आकाशातल्या वाटेजवळ आहे, आणि वेबला सूर्याकडे तोंड फिरवण्याची मुभा नाही, त्यामुळे तिथली जागा वर्षातून दोनदाच, काही आठवडे खुली होते. प्रत्येक खेपेला एखाद-दुसरे अधिक्रमण हाती लागते. त्या तासांत मिरीने तोच पट्टा पुन्हा पाहायचा, की 2.8 ते 5.2 मध्ये परत जाऊन मिथेनच्या खुणा आणखी घासूनपुसून घ्यायच्या, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.